बिअर, वाईन आणि आपला कोमट कायदा

एक साधा प्रयोग करून बघा. आज कॉलेजमधून घरी जाताना रस्त्यावरच्या पाट्या जरा नीट वाचा. 'वाईन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात वाईन कुठंतरी कोपऱ्यात असते आणि दर्शनी फळ्यांवर व्हिस्की-रम. 'परमिट रूम' लिहिलेल्या हॉटेलात कुणी कुणाला परमिट विचारत नाही. 'बिअर शॉपी'मध्ये बाटली कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून हातात येते. आणि शेजारच्याच चकचकीत सुपरमार्केटमध्ये खारे शेंगदाणे आहेत, वेफर्स आहेत, सोडा आहे, बिअरचे ग्लाससुद्धा आहेत. नाही ती फक्त बिअर.

का बरं? गोव्यात सुट्टीला गेलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. तिथं बिस्किटांच्या रांगेच्या पलीकडे बिअरची रांग असते आणि कुणाला काही वाटत नाही. मग सावंतवाडीच्या अलीकडे आणि पलीकडे एवढा फरक कशामुळे? उत्तर आहे राज्याच्या कायद्यात. राज्यघटनेनं दारू हा विषय राज्यांच्या हाती दिलाय. त्यामुळे गुजरातमध्ये बंदी, गोव्यात मोकळीक आणि आपल्याकडे? आपल्याकडे दोन्ही. गंमत वाटेल, पण खरंच दोन्ही.

पाच रुपयांचं परमिट

महाराष्ट्रात दारूसाठी जो मूळ कायदा लागू आहे, त्याचं नाव आहे दारूबंदी कायदा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे गृहमंत्री होते आणि दारू हद्दपार करायची हा त्या काळच्या काँग्रेसचा शब्द होता. पुढं साठ-सत्तरच्या दशकांत बंदी सैल होत गेली, पण कायदा काही रद्द झाला नाही. नुसतं नाव बदलून तो आता 'महाराष्ट्र दारूबंदी कायदा' झालाय.

म्हणजे कागदावर आपल्याकडे दारूला बंदी आहे आणि परवाना असेल तर सूट आहे. विकणाऱ्याला परवाना हवा, तसा पिणाऱ्यालाही. विदेशी मद्याचं एका दिवसाचं परमिट पाच रुपयांना मिळतं, वर्षाचं आणि आयुष्यभराचंही मिळतं. 'परमिट रूम' हा शब्द आला तो यातूनच. परमिट असलेल्यांनी बसून प्यायची खोली! वयाची अटही आहे: बिअरसाठी २१, व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यासाठी २५. विधानसभेची निवडणूक लढवायलाही २५ वर्षंच लागतात. म्हणजे आमदार व्हायचं वय आणि पेग घ्यायचं वय सारखंच.

आता प्रामाणिकपणे सांगा, तुमच्या ओळखीतल्या पिणाऱ्यांपैकी किती जणांकडे परमिट आहे? २१ च्या आतल्या किती जणांना काउंटरवर कुणी वय विचारलंय? उत्तर तुम्हालाही माहितीये आणि काउंटरवाल्यालाही.

'वाईन म्हणजे दारू नव्हे'

सुपरमार्केटची दारं उघडायचा प्रयत्न एकदा झाला. बिअरसाठी नाही, वाईनसाठी. जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाच्या महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळानं ठरवलं की, निदान हजार चौरस फुटांच्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या बंद कपाटात ठेवून वाईन विकता येईल. शाळा आणि देवळांपासून अंतराची अट होती. जिथं दारूबंदी आहे ते जिल्हे वगळलेले होते.

मग जे झालं ते तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. सरकार म्हणालं, हे द्राक्ष उत्पादक शेतकऱ्यांसाठी आहे. विरोधातल्या भाजपनं 'महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय' असा टोला हाणला. संजय राऊत म्हणाले, वाईन म्हणजे दारू नव्हे. अण्णा हजारेंनी उपोषणाची तारीख जाहीर केली आणि लोकांच्या हरकती-सूचना घेतल्याशिवाय पुढं जाणार नाही असं सरकारनं सांगितल्यावर ते स्थगित केलं. हरकती मागवल्या गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये सरकार पडलं आणि तो निर्णय प्रत्यक्षात आलाच नाही.

यात एक बारीक गोष्ट बघा. सवलत वाईनलाच का, बिअरला का नाही? कारण वाईनमागे नाशिकचा शेतकरी उभा करता येतो. २००१ पासून राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं वेगळं धोरण आहे. बिअर बनते बार्लीपासून आणि बार्ली काही आपलं पीक नाही, ती पिकते राजस्थान-उत्तर प्रदेशात. त्यामुळे बिअरसाठी आपल्याकडं कुणी शेतकऱ्याचं नाव घेऊन भांडत नाही. शेतकऱ्याचा मुद्दा अगदीच खोटा होता असं नाही. पण नाशिक पट्ट्यातली बहुतेक द्राक्षं खायची असतात, वाईनची नव्हेत, हेही तेवढंच खरं. एका कपाटानं साऱ्या बागायतदारांचं भलं होणार होतं, असं काही नव्हतं.

जरा गणित करू या

'बिअर म्हणजे काय दारू आहे का?' हे वाक्य हॉस्टेलवर एकदा तरी ऐकलं असेलच. चला, मोजून बघू.

व्हिस्कीचा छोटा पेग ३० मिलीचा. त्यात अल्कोहोल साधारण ४२.८ टक्के, म्हणजे सुमारे १३ मिली शुद्ध अल्कोहोल. स्ट्राँग बिअरमध्ये अल्कोहोलची मर्यादा ८ टक्के. ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीत ८ टक्क्यांनी किती? ५२ मिली. आता भागाकार करा. स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे चार छोटे पेग! आणि आपल्याकडं माइल्डपेक्षा स्ट्राँगच जास्त खपते.

वाईनचंही तसंच. १३ टक्क्यांच्या ७५० मिली बाटलीत ९७ मिलीच्या वर अल्कोहोल असतं, म्हणजे सात पेगांहून जास्त. शरीराला पाटी वाचता येत नाही. त्याला फक्त मिलिलिटर कळतात. 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे राजकारणात खपतं, लिव्हरला खपत नाही.

याचा अर्थ सगळी मद्यं एकाच मापानं मोजावीत असाही नाही. एक पाइंट माइल्ड बिअर पिऊन थांबणारा आणि क्वार्टर रिचवणारा यांच्यात फरक आहेच. पण तो फरक प्रमाणाचा आहे, नावाचा नाही.

थंड बिअर, कोमट बिअर

असे विचित्र नियम आपल्याकडेच असतात असं समजू नका. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पेट्रोल पंपाला लागून असलेल्या छोट्या दुकानांत आणि किराणा स्टोअरमध्ये बिअर मिळते, पण थंड नाही. फ्रिजमधली बिअर विकायचा हक्क दारूच्या दुकानांकडे. शेजारच्या फ्रिजमध्ये कोक गारेगार आणि बिअर मात्र बाहेर, खोलीच्या तापमानाला! छोट्या दुकानांची संघटना याविरुद्ध कोर्टात गेली. २०१५ मध्ये फेडरल अपील कोर्टानं राज्याचा नियम कायम ठेवला. थंड बिअर लगेच प्यायली जाते, ती कमी ठिकाणी मिळणं हे राज्याच्या नियंत्रणाच्या हिताचं आहे, अशी राज्याची बाजू होती. पुढं एका स्टोअर साखळीनं दुकानात बसायची सोय करून, खाणं विकून रेस्टॉरंटचा परवाना मिळवला आणि थंड बिअर विकायला सुरुवात केली. तर २०१७ मध्ये विधिमंडळानं नियम बदलून ती फटही आवळली.

त्या भांडणात आरोग्याची भाषा दोन्हीकडून झाली. पण खाली चालू होती ती गल्ल्याची लढाई: कुणी विकायचं आणि कुणी नाही. आपल्याकडंही हा कोन विसरू नका. वाईन शॉपचे नवे परवाने सत्तरच्या दशकापासून जवळपास थांबलेले आहेत. जी वस्तू नव्यानं मिळत नाही तिचा भाव किती वाढतो, हे कॉमर्सवाल्यांना सांगायला नको. सुपरमार्केटचा विषय निघाला की कुणाचं गिऱ्हाईक कुठं जाणार, हा प्रश्नही आपोआप निघतो.

आणि तिसरा भिडू म्हणजे खुद्द सरकार. दारू जीएसटीच्या बाहेर आहे. पेट्रोल-डिझेल सोडलं तर राज्याला स्वतःच्या मर्जीनं कर वाढवता येईल अशा वस्तू आता फार उरलेल्या नाहीत. दारूवरच्या उत्पादन शुल्कातून राज्याला वर्षाला २० हजार कोटींहून जास्त मिळतात. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं, तेव्हा आणखी १४ हजार कोटींची अपेक्षा धरली होती. दारूबंदी कायद्याखाली दारूतून तिजोरी भरणारं राज्य, अशी ही आपली कसरत आहे.

उभी बाटली, आडवी बाटली

मग सरळ गोव्यासारखं मोकळं करून टाका की! कॅम्पसमध्ये हे मत लोकप्रिय आहे आणि त्यात दम नाही असं नाही. लपवाछपवी कमी होईल. मुलींना गर्दीत, नजरा झेलत खिडकीपाशी उभं राहावं लागणार नाही. बिल मिळेल, कॅमेरा असेल.

पण या गोष्टीला दुसरं टोक आहे आणि ते सुपरमार्केटच्या एसीत दिसत नाही. आपल्याकडं एक नियम आहे: गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिलांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकली तर दुकान बंद. पण झालेल्या मतदानातलं बहुमत पुरत नाही, यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. मजुरीला बाहेरगावी गेलेली बाईसुद्धा न येता 'उभी'च्या बाजूची ठरते. तरीही अनेक गावांतल्या बायकांनी बाटल्या आडव्या केल्यात. मार खाल्लेल्या, घरातले पैसे उडालेले बघितलेल्या बायका आहेत त्या. दारू सहज मिळाली की पिणं वाढतं, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण त्यांना ते संघटनेनं सांगायची गरज पडलेली नाही.

बंदी हा उपाय आहे का? वर्धा १९७५ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदी पाळतायत. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. उठवताना सरकारनं अवैध दारू आणि वाढलेली गुन्हेगारी यांचं कारण दिलं. बंदीच्या बाजूचे म्हणतात, नीट राबवलीच नाही तर फसणारच. वाद संपलेला नाही. पण दोन्ही बाजू फिरून एकाच जागी येतात: राबवणी.

खरा प्रश्न कपाटाचा नाही

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका १७ वर्षांच्या मुलाच्या महागड्या गाडीनं दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनीअरना उडवलं. दोघंही गेले. त्या रात्री तो पबमध्ये प्यायला होता, असं पोलिसांचं म्हणणं. तेव्हाही कायदा हाच होता. २१ चाही आणि २५ चाही. परमिटचाही. ती दारू सुपरमार्केटच्या शेल्फवरून गेलेली नव्हती, रीतसर परवाना असलेल्या ठिकाणचीच होती.

म्हणून बाटली कुठल्या दुकानात ठेवायची यावर तावातावानं भांडण्याआधी एक विचारू या: आज जिथं ती ठेवलीये तिथं नियम पाळला जातो का? वय न विचारता विकणाऱ्याचा परवाना किती वेळा जातो? जिथं २१ ची अट काळ्या पिशवीत गुंडाळली जाते, तिथं २५ ची केली तरी पिशवी तीच राहणार. काउंटरवर वय तपासलं जातं हे एकदा दिसू दे, मग ते काउंटर बिअर शॉपीचं असावं की सुपरमार्केटचं, यावर खुशाल वाद घालू. आडवी बाटली मागणाऱ्या बायकांनाही त्या वादात खुर्ची द्यायची मात्र विसरायची नाही.

थंडही नाही आणि गरमही नाही, असा आपला हा कायदा आहे. कोमट. बंदीवाल्यांना तो बंदीचं समाधान देतो, पिणाऱ्यांना पिऊ देतो आणि तिजोरीला पैसे देतो. तोटा कुणाचा होत असेल तर तो कायदा खरा मानून चालणाऱ्यांचा. आणि हो, पुढच्या वेळी कुणी 'बिअरच तर आहे' म्हणालं की चार पेगांचं गणित करून दाखवा. त्याला परमिट लागत नाही.