अनाथ ड्रायव्हर आणि त्याचे पालक

लिनक्सच्या कर्नलसोबत, म्हणजे त्याच्या गाभ्याच्या कोडसोबत, ‘मेंटेनर्स’ नावाची एक लांबलचक यादी येते. कुठला भाग कोण सांभाळतं, हे तीत लिहिलेलं असतं आणि प्रत्येक नोंदीला एक शेरा असतो. कुणी पगार घेऊन सांभाळतं, कुणी हौसेनं, कुणी जमेल तेवढंच. सगळ्यात वाईट शेरा ‘अनाथ’. जुलै २०१९ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोर्व्हाल्ड्स यानं तो फ्लॉपी ड्राइव्हच्या ड्रायव्हरला दिला. कारण साधं होतं. ड्रायव्हर सांभाळणाऱ्याजवळ चालू स्थितीतली फ्लॉपी ड्राइव्हच उरली नव्हती, आणि जे यंत्र टेबलावर नाही त्याचा ड्रायव्हर तपासणार कसा? हे जाहीर झालं आणि थोड्याच दिवसांत दुसरा एक जण पुढे आला. त्यानं ते काम अंगावर घेतलं. ड्रायव्हर वाचला.

सध्या लिनक्सच्या जगात जुन्या हार्डवेअरवरून जी कुरकुर चालू आहे, तिच्याकडे बघताना हा छोटा प्रसंग लक्षात ठेवलेला बरा. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ हे लिनक्स वितरण आलं आणि ३२ बिटांच्या पीसींना त्याचा कर्नल आणि इन्स्टॉलर मिळणं बंद झालं. त्याच वर्षी फायरफॉक्सनंही ३२ बिटांच्या लिनक्सला रामराम ठोकला. कर्नलमधून ४८६ प्रोसेसरचा आधार काढून टाकणारे पॅच एप्रिलमध्येच मांडले गेले होते. ‘जुना संगणक फेकू नका, लिनक्स टाका’ असं वर्षानुवर्षं सांगणारेच आता दार लावून घेत आहेत, असा आरोप होतो आहे.

हा आरोप झटकून टाकण्यासारखा नाही. पुण्या-मुंबईच्या लिनक्स युजर ग्रुपांनी भरवलेल्या इन्स्टॉल फेस्टना जो कधी गेला असेल, त्याला ही शिकवण तोंडपाठ असते. धूळ खात पडलेला पीसी आणायचा, कुणीतरी कॉलेजचा पोरगा शेजारी बसून पार्टिशन करून द्यायचा आणि संध्याकाळी यंत्र चालू स्थितीत घरी न्यायचं. अशा वचनावर विसंबून कुणी एखाद्या वाचनालयात किंवा शाळेत दहा यंत्रं मांडली असतील, तर त्याला ‘आता नवं घ्या’ म्हणणं जड जातं. चालणारं यंत्र भंगारात गेलं की त्यातलं शिसं आणि तांबं कुणीतरी उघड्या हातांनी वेगळं काढतं, हेही आपल्याकडे सांगायला नको.

आता दुसरी बाजू. कर्नलमधला जुना कोड नुसता पडून राहत नाही. आजूबाजूचं काही बदललं की त्यालाही हात लावावा लागतो, आणि हात लावला की तपासावं लागतं. ४८६ हा १९८९ चा प्रोसेसर. पेंटियमपासून आलेल्या काही सूचना त्याच्याकडे नाहीत, म्हणून त्याच्यासाठी वेगळी वाट ठेवावी लागते, आणि त्या वाटेनं प्रत्यक्षात जवळजवळ कुणी जात नाही. ज्यांना ४८६ संग्रहालयातली वस्तू म्हणून चालवायचा आहे त्यांनी कर्नलही संग्रहालयातलाच वापरावा, अशा अर्थाचं टोर्व्हाल्ड्स २०२२ मध्ये बोलून गेला. हा माणूस भावनेत अडकत नाही. १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना त्यानं लिनक्स लिहिलं ते ३८६ वर, आणि त्याच ३८६ चा आधार २०१३ च्या ३.८ कर्नलमधून गेला तेव्हा त्यानं अश्रू ढाळल्याचं कुणाला आठवत नाही.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी. कर्नलमधलं बहुतेक काम आज पगारी माणसं करतात; इंटेल, गूगल, रेड हॅट यांच्या नोकरीत बसून. डेबियन तसं नाही. १९९३ पासून चालत आलेलं हे वितरण जगभर विखुरलेल्या सुमारे हजार डेव्हलपरांच्या खांद्यांवर उभं आहे, आणि डेबियन त्यांना पगार देत नाही. कुणी प्राध्यापक, कुणी बँकेत, कुणी रात्री मुलं झोपल्यावर बसणारा. कंपनीनं आधार काढला तर जाब विचारावा. स्वयंसेवकानं काढला तर तोच सूर लावता येत नाही, आणि आपली गल्लत नेमकी इथेच होते. फुकट मिळालेल्या वस्तूचा हक्क आपण विकत घेतलेल्या वस्तूसारखा सांगू लागतो.

ही गल्लत केवळ उद्धटपणाची नाही, ती धोक्याचीही आहे. एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करणारं एक साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असतं. ते अनेक वर्षं लासे कॉलिन हा एकटा माणूस, हौस म्हणून, विनामोबदला सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याच्यावर चहूबाजूंनी टोचणी सुरू झाली: पॅच का घेत नाहीस, काम का रेंगाळलं आहे, दुसऱ्याकडे का सोपवत नाहीस. आपली मानसिक तब्येत ठीक नाही आणि हे बिनपगारी काम आहे, असं तो सांगत होता. टोचणाऱ्यांतली काही नावं बहुधा खोटीच होती. मदतीला आलेल्या ‘जिया टॅन’ नावाच्या व्यक्तीकडे हळूहळू अधिकार गेले आणि तिनं त्यात चोरदरवाजा बसवला. २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रामरनं तो उघडकीला आणला, तोही एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो आहे हे शोधता शोधता. थकलेल्या माणसाला घाई केली की तो चावी कुणाच्याही हातात देतो. ‘आमचं जुनं यंत्र का चालत नाही’ असं खडसावून विचारताना हे आठवावं.

मग काय, ज्याचं वय झालं ते काढून टाकावं? वयाची कसोटी मला पटत नाही, आणि लिनक्सचा इतिहासही ती पाळत नाही. इंटेल आणि एचपीनं अमाप पैसा ओतलेला इटेनियम २००१ मध्ये बाजारात आला, २०२१ पर्यंत पाठवला जात होता, आणि कर्नलच्या ६.७ आवृत्तीतून निघूनही गेला. त्याच कर्नलमध्ये मोटोरोलाच्या ६८००० घराण्याचा आधार अजून आहे. अमिगा आणि अटारीची ही यंत्रं म्हणजे ऐंशीच्या दशकातला माल. त्यांना कुठल्या कंपनीचा आश्रय नाही, पण ती घरी जपणारे, त्यांवर नवा कर्नल चढवून पाहणारे आणि काही मोडलं तर स्वतः पॅच पाठवणारे मोजके वेडे आहेत. इटेनियमला असे वेडे पुरेसे मिळाले नाहीत.

म्हणजे प्रश्न यंत्राच्या वयापेक्षा माणसांचा आहे. या कसोटीवर ३२ बिटांच्या पीसीचं काय दिसतं? एएमडीचे ६४ बिटांचे प्रोसेसर २००३ मध्ये आले. इंटेलचा कोअर टू ड्युओही ६४ बिटांचाच, २००६ चा. खरी अडचण होते ती २००८ च्या सुमाराच्या ॲटमवाल्या नेटबुकांची, कारण त्यांतले बरेच ३२ बिटांचेच होते. पण अशा यंत्रावर एक-दोन जीबी मेमरीत आजचं एखादं बँकेचं किंवा सरकारी पान उघडून बघा. चहा होईल, पान होणार नाही. शिवाय १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटांत मावणारी सेकंदांची मोजणी संपते. डेबियननं आपल्या ३२ बिटी एआरएम वितरणात वेळेचा आकडा मोठा करून घेतला, पण जुन्या पीसींसाठी तो बदल केला नाही, कारण त्यानं जुने प्रोग्राम चालेनासे झाले असते. वाट पुढे बंद आहे हे माहीत असताना स्वयंसेवकांचे शनिवार-रविवार तिथे घालवायला लावणं मला योग्य वाटत नाही. डेबियननं केलं ते बरोबर केलं.

माझी तक्रार वेगळी आहे. या वादाच्या धुरळ्यात मोठं काम नजरेआड होतं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेनं २०२३ च्या अखेरीस सुमारे २४ कोटी संगणक यामुळे भंगारात निघतील असा अंदाज केला होता. अंदाजच तो, पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘रिफर्बिश्ड’ म्हणून रचलेले लॅपटॉप पाहिले की ही यंत्रं कोणती ते कळतं. चौथ्या, पाचव्या, सहाव्या पिढीचे आय-फाइव्ह. चार जीबी मेमरी, जमल्यास आठ. एसएसडी टाकली की पळतात. ६४ बिटांचे आहेत, आजचा कुठलाही लिनक्स त्यांवर चढतो.

अडतं ते बारीकसारीक गोष्टींत. वायफायची चिप ओळखली जात नाही, झाकण मिटून झोपवलेला लॅपटॉप जागाच होत नाही, बोटाचा ठसा वाचणारा भाग मुकाट पडून राहतो. वायफायच्या बाबतीत डेबियननं २०२२ मध्ये मतदान घेऊन फक्त मुक्त सॉफ्टवेअर देण्याच्या आपल्या तत्त्वाला मुरड घातली आणि मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतलं. शुद्धतावाद्यांना ते लागलं. मला तो निर्णय माणुसकीचा वाटला, कारण नेटच नसलेल्या यंत्रात नेटवरून फर्मवेअर उतरवा असं सांगण्यात काही अर्थ नव्हता.

सोडून देणाऱ्यांकडून मात्र दोन गोष्टी मागायला हव्यात. आधार काढायचा तर पुरेसा आधी सांगून काढावा. २०१९ मध्ये उबुंटूनं ३२ बिटांची सगळी पॅकेजं एका फटक्यात काढायचं ठरवलं, तेव्हा स्टीमवर गेम खेळणारे आणि विंडोजचे प्रोग्राम चालवायला ‘वाइन’ वापरणारे उसळले आणि काही दिवसांत माघार घ्यावी लागली. तशी वेळ पुन्हा आणू नये. आणि जुन्या आवृत्त्या मिळत राहाव्यात. हे डेबियन आजही इमानानं करतं. त्याच्या संग्रहात नव्वदच्या दशकातली वितरणंसुद्धा आहेत, आणि नेटला न जोडता टायपिंग शिकवणाऱ्या यंत्राला तेवढं पुरतं.

आपल्याकडून काय, तेही सांगतो. घरात कपाटावर सात-आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघा, इन्स्टॉल करण्याचीही गरज नाही. वायफाय लागतो का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर पडदा उजळतो का, एवढं तपासा. जे चालत नाही ते यंत्राचा मॉडेल क्रमांक, कर्नलची आवृत्ती आणि ‘एलएसपीसीआय’ (lspci) आदेशानं दिलेली हार्डवेअरची यादी जोडून त्या वितरणाच्या बग नोंदवहीत लिहा. आणि दोन महिन्यांनी ‘हा पॅच लावून बघाल का?’ असं कुणी विचारलं, तर तो लॅपटॉप तोवर रद्दीवाल्याला देऊ नका.