पदवीच्या आधी गोठा

पशुवैद्यकाच्या शिक्षणात गोठ्यावरच्या सरावाला फार वेळ देऊ नये, असे म्हणणाऱ्यांचे तीन मुद्दे असतात. शिकायला प्रतिकृती आणि चित्रफिती आहेत. नवशिक्यांनी जिवंत जनावरावर हात चालवणे क्रूरपणाचे आहे. आणि अनुभव नोकरीत येतोच.

पहिला मुद्दा अर्धाच खरा आहे. गर्भतपासणीचा पहिला धडा प्रतिकृतीवरच व्हावा. पण गाय हलते, आतडे आवळले जाते, आणि चुकीचा जोर पडला तर गुदाशय फाटू शकतो. दोन महिन्यांचा गाभ बोटांना कळणे हे शेवटी जिवंत गायीवरच साधते.

दुसऱ्या मुद्द्यामागची कळकळ मला मान्य आहे. एकाच गायीवर दहा विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हात घालणे बंदच व्हायला हवे. पण क्रूरता देखरेख नसल्याने घडते, सरावाने नव्हे. जाणत्या डॉक्टरांच्या नजरेखाली, मालकाच्या संमतीने, मुळात गरजेच्याच उपचारात विद्यार्थ्याने हात लावला, तर जनावराला जादा त्रास होत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत घातक आहे. अनुभव नोकरीत येतो खरा, पण कुणाच्या गायीवर? दुग्धज्वराने आडव्या झालेल्या गायीला कॅल्शियम शिरेतून देताना वेग वाढला तर हृदय बंद पडू शकते. सलाईन हळू सोडत हृदयाचे ठोके ऐकत राहायचे, हे पुस्तकात असते. हात थरथरत असताना ते करायला शिकवणारा माणूस शेजारी लागतो. कोकणातल्या श्रीवर्धन तालुक्यात दोन-तीन गुरे बाळगणाऱ्या घराने त्या पहिल्या चुकीची किंमत का मोजावी?

आता माझे म्हणणे. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते आणि तिचे शेवटचे वर्ष आंतरवासितेचे. या वर्षातला पावसाळा काही विद्यार्थ्यांनी श्रीवर्धनसारख्या तालुक्यात काढावा. परळला 1886 साली सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाने कोकणकिनाऱ्यावर अशी कायमची प्रशिक्षण ठिकाणे उभारावीत.

पावसाळाच का? घटसर्प आणि फऱ्या यांचा जोर याच दिवसांत असतो. दोन्ही रोगांची लस पावसाआधी टोचायची असते. ज्याने ज्येष्ठात वाडीवाडीतून लस टोचली, त्यालाच श्रावणात तिचे मोल कळते. कोकण कपिला ही इथल्या डोंगरउताराला आणि पावसाला सरावलेली गाय, संकरित होल्स्टीनपेक्षा कितीतरी लहान. गोठ्यात वजनकाटा नसतो. छातीचा घेर आणि अंगाची लांबी फितीने मोजून वजन काढायचे आणि त्यावरून औषधाची मात्रा ठरवायची, ही सवय मोठ्या जनावरांच्या फार्मवर लागत नाही.

इथे चुकीच्या औषधाची झळ गोठ्याबाहेरही पोचते. शेजारच्या म्हसळा तालुक्यात चिरगावला पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वस्ती आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. याच कारणाने 1990 च्या दशकापासून देशातल्या या गिधाडांपैकी 99 टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. 2006 साली पशुवापरासाठी डायक्लोफेनॅकवर आणि 2023 साली गिधाडांना तशाच घातक किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅकवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय हाताशी आहे. सुजलेल्या पायाची गाय समोर असताना, मालक झटपट गुण मागत असताना, नेमके हेच औषध निवडायचे आणि का ते त्याला समजावून सांगायचे, हे प्रश्नपत्रिकेत तपासता येत नाही.

म्हणून चार गोष्टी व्हाव्यात. प्रतिकृतीवर हात बसल्याशिवाय कुणालाही जनावराजवळ पाठवू नये. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला प्रशिक्षकाचा दर्जा आणि मानधन मिळावे. विद्यार्थ्याला राहायला खोली आणि फिरायला वाहन मिळावे. आणि त्याचे मूल्यमापन त्याने हाताळलेल्या, नोंदवलेल्या रुग्णांवरून व्हावे. यावर होणारा खर्च वायफळ म्हणणाऱ्यांनी एका दुभत्या गायीची किंमत श्रीवर्धनच्या शेतकऱ्याला विचारावी. पदवीच्या कागदावर त्या शेतकऱ्याने टाकलेला भरवसा खरा ठरवणे ही विद्यापीठाची पहिली जबाबदारी आहे.