गोलाईतली फुगीर अक्षरे

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या रस्त्यांच्या तोंडाशी उभे राहून पाट्या वाचण्याचा छंद आम्हांला विद्यार्थिदशेपासून आहे. तेव्हा पाटी म्हणजे पत्रा, ऑइल पेंट आणि पेंटरचा हात. आडत दुकानाचे अक्षर उभे, शिरोरेषा ठाम. फोटो स्टुडिओचे किंवा बँडपथकाचे मात्र पोट सुटलेले, उकार लाडात वळलेले, मागे दोन रंगांची सावली. या दुसऱ्या जातीत 1970च्या दशकातील फंक संगीताच्या तबकड्यांवरचा फुगीरपणा होता, हे आम्हांला फार उशिरा उमगले. पेंटरच्या ब्रशात तो बहुधा सिनेमाच्या पोस्टरवरून उतरला असावा.

ही अक्षरे आता संगणकासाठी पुन्हा घडवली जात आहेत. 'एक टाइप' या मुंबईच्या गटाचा 'मोदक' पाहावा: अक्षरे इतकी पुष्ट की आतील पोकळ्या चिरेएवढ्याच उरतात, आणि तरीही शब्द वाचता येतो. 'यात्रा' हा फाँट मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. याला निव्वळ स्मरणरंजन म्हणणारे आमच्याही विभागात आहेत. ते आम्हांला मान्य नाही. 1966च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत वेस विल्सनने जी वितळल्यासारखी अक्षरे पोस्टरांवर आणली, तिचे मूळ व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरच्या विसाव्या शतकारंभीच्या लेखनात होते. म्हणजे ज्याला आपण 'रेट्रो' म्हणतो, तेच मुळी एक पुनरुज्जीवन होते.

आमची शंका वेगळी आहे. कमल शेडगे (निधन 2020) यांनी नाटकांची जी शीर्षके रेखाटली, त्यांतील प्रत्येक शीर्षक त्या एकाच नाटकाचे होते. अक्षर तेथे जणू भूमिकेत शिरे. फाँटातला 'म' मात्र 'मरण' आणि 'मलई' या दोन्ही शब्दांत तसाच उभा राहतो. पर्यायी अक्षररूपे देऊन ही उणीव काहीशी भरून काढता येते, पण तेवढे कष्ट घेणारे थोडे.

त्याहून मोठी कसोटी मराठीची. शोभेच्या फाँटात 'दर्या' आणि 'दऱ्या' वेगळे दिसतात का, हे आम्ही प्रथम पाहतो. मग 'ळ', मग मराठी वळणाचे 'ल' आणि 'श', ज्यांचा आग्रह महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009च्या निर्णयात धरला. जाड अक्षरात 'ऱ्य'चा कोयता बसवणे अवघड असते; म्हणून तो गाळणे ही सोय झाली, रचना नव्हे. आणि युनिकोडबाहेरच्या जुन्या संकेतांवर बेतलेला फाँट कितीही देखणा असला, तरी त्यातील मजकूर शोधता येत नाही आणि दुसऱ्या यंत्रावर त्याची अक्षरेही ओळखू येत नाहीत. त्या काळातील प्रबंध उघडू पाहणाऱ्यांना हे सांगायला नको.

नांदेडला प्रश्न आणखी गुंततो. हुजूर साहिबच्या परिसरात गुरुमुखी, जुन्या वस्त्यांत उर्दू, धर्माबाद-देगलूरच्या बाजूला तेलुगूचा शेजार. फक्त देवनागरीपुरता जिवंत केलेला फाँट या शहराला अपुराच पडणार. 'एक टाइप'नेच 'बलू' हा गुबगुबीत फाँट देवनागरीबरोबर गुरुमुखी, तेलुगू, कन्नड आणि अरबी लिपींतही केला, हे आम्हांला 'मोदक'पेक्षाही महत्त्वाचे वाटते. मात्र त्याची अरबी बाजू नस्तालीक नाही. आणि उर्दू वाचकाचा डोळा नस्तालीकवर वाढलेला असतो. तेथे काम बाकी आहे.

काम बाकी आहे ते मराठवाड्याचेही. 'यात्रा'मागे मुंबईच्या स्थानकांची स्मृती आहे. दिल्लीत हनीफ कुरेशी यांनी (निधन 2024) रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरे त्यांच्या नावांनिशी फाँटांत आणली. आमच्या पेंटरांच्या पोटावर फ्लेक्सने पाय दिला, आणि त्यांची अक्षरे कोणी उतरवून घेतली नाहीत. भाषाविज्ञानाच्या तासाला आपण बोलींचे नमुने गोळा करायला विद्यार्थी धाडतो. तेच विद्यार्थी उरलेल्या पाट्यांची छायाचित्रे का आणू नयेत? कोपऱ्यातली बारीक सही चौकटीत आली पाहिजे, एवढे त्यांना आधी बजावावे. उद्या त्यावरून कोणी फाँट केला, तर परवानगी कोणाची घ्यायची आणि मोबदला कोणाला द्यायचा, हे त्या सहीवरूनच ठरेल. गोलाईतली एक सही आम्हांला अजून वाचता आलेली नाही. पुढच्या खेपेस शिडी मागणार आहोत.