वाडा विकताना

यवतमाळ जिल्ह्यातला जुना वाडा हल्ली पडत नाही, सुटा करून विकला जातो. या आठवड्यात दारव्हा रस्त्यावर एका ट्रॉलीत सागाचे नक्षीदार खांब आडवे पडून चालले होते, बहुधा शहरातल्या एखाद्या हॉटेलाला ‘गावरान लूक’ द्यायला. घेणाऱ्याला लाकूड कळतं, विकणाऱ्याला घर कळत नाही, हे स्पष्टच म्हणायला हवं. या घराचा भार पेलतो तो सांगाडा: घडीव दगडावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, त्यावर फळ्या आणि माती, नाहीतर उतरते कवेलू. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण; पूर्वी घराची ऐपत खणांत मोजायचे, आता पार्किंगमध्ये. मातीची जाड भिंत तशी पाहुणीच, गारव्यापुरती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंतींनी माणसं गाडली, पण कित्येक घरांत लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला. आणि हे लाकूड जंगलाचं, ज्यावर इंग्रजांनी कायद्याचं कुंपण घातलं होतं. तो कायदा मोडायला १० जुलै १९३० ला वणीचे स्वातंत्र्यसेनानी बापूजी अणे पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून तुरुंगात गेले. त्याच जिल्ह्यात आज पणजोबांचा साग घनफुटावर जातो, तोही घासाघीस करून. विकायला वाळवीचं कारण सांगू नये. तुळईला टेकू दिला की किडलेला खांब एकटा बदलता येतो. हे जाणणारे सुतार तालुक्याला अजून सापडतात. लोक त्यांना वाडा उतरवायलाच बोलावतात.