कयाक समुद्रात लोटण्याआधी

वाशी, नेरूळ, बेलापूर, उलवे इथल्या ज्या मित्रांनी गळाने मासे धरायला कयाक घेतली आहे किंवा घ्यायचे मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. खाडीत वल्हवायला शिकलात, हात बसला, आता उरणच्या पीरवाडीला किंवा अलिबागच्या बाजूला जाऊन उघड्या समुद्रात उतरायचे ठरवत असाल, तर आधी एवढे वाचा. समुद्रात कयाक उलटण्याचा सर्वांत मोठा धोका खोल पाण्यात नसतो. किनाऱ्यालगत, जिथे लाटा फुटतात त्या पट्ट्यात तो असतो. जाताना एकदा आणि येताना एकदा, असा तो पट्टा दोन वेळा ओलांडावा लागतो.

ठाण्याची खाडी आणि पनवेलची खाडी तुम्हाला भरती-ओहोटीची ओढ शिकवतात, चिखल शिकवतात, पुलाच्या खांबांपाशी पाणी कसे फिरते ते शिकवतात. फुटणारी लाट मात्र त्या शिकवत नाहीत, कारण ती तिथे नसतेच. म्हणून खाडीत कितीही वर्षे घालवली असली तरी लाटांपुढे आपण नवशिके आहोत, असे समजूनच उतरा.

लाट का फुटते हे नीट कळले की निम्मे काम होते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट पुढे कोसळते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट छातीएवढ्या पाण्यात फुटते, नेमकी तुम्ही कयाकवर बसून वल्हवायला लागता तिथे. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ताकद चौपट होते. त्यामुळे 'कालच्यापेक्षा थोडीच मोठी आहे' या हिशेबाला समुद्रात अर्थ नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज मिळतो, तो जरूर पाहा. पण त्यातला आकडा सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असतो. एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पटही येऊ शकते. उंचीसोबत दोन लाटांमधले सेकंदही बघा. अंतर जितके जास्त, तितकी ती लाट लांबून आलेली आणि जोरकस.

भरतीची वेळ कोळ्यांसारखी तिथीवरून काढायला शिका. तिथीचा आकडा पाऊणपट केला की आपल्याकडे पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या सुमारास. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. नंतर मुंबई बंदराच्या छापील तक्त्याशी ती पडताळून घ्या. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला आपल्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरच्या आसपास चढते-उतरते. अलिबागला ओहोटीत लोक कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात, ते याचमुळे. अशा सपाट किनाऱ्यावर ऐन ओहोटीला कयाक लांबवर ओढत न्यावी लागते, आणि उधाणाच्या पूर्ण भरतीला काही ठिकाणी उतरायला वाळूच उरत नाही. नवख्याने अष्टमीच्या आसपासचा भांगाचा, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याचा दिवस निवडावा आणि भरती चढत असताना उतरावे. काही बिनसले तर चढते पाणी तुम्हाला बाहेर ओढून नेत नाही.

उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो आणि समुद्र खवळतो. पहाटे उतरा आणि दहा-अकराच्या आत परत या. पावसाळ्यात तर जाऊच नका. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना आहे, म्हणून बिनइंजिनाच्या कयाकला मोकळीक मिळाली असे कुणी समजू नये. ज्या समुद्रात मोठमोठे ट्रॉलरही उतरत नाहीत, तो चार मीटरच्या प्लास्टिकच्या होडीसाठी सोपा होत नाही.

लाटांतून होडी काढणे ही आपल्या देशातली जुनी विद्या आहे. मद्रासला धड बंदर नव्हते, तेव्हा जहाजे दूर उभी राहत आणि माणसे व माल मसुला नावाच्या होड्यांतून लाटा ओलांडून किनाऱ्यावर येत. त्या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत, म्हणजे आपटल्यावर लाकूड फुटण्याऐवजी लवे. आपल्या सिंधुदुर्गात रापणीची होडी आजही वाळूवरूनच लाटांत घालतात. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. लाट मोजणारा जाणता माणूस बरोबर असतो आणि एकटा कुणी जात नाही. तुम्हीही एकटे जाऊ नका. किमान दोन कयाक हव्यात आणि वाळूवर फोन घेऊन थांबलेला तिसरा माणूस हवा. त्या गावच्या कोळीदादांना आधी विचारा की खडक कुठे आहेत, जाळी कुठे लावली आहेत, आज उतरावे का. ते नको म्हणाले तर तिथेच थांबा.

आता प्रत्यक्ष उतरण्याविषयी. वाळूवर वीस मिनिटे नुसते उभे राहून पाहा. मोठ्या लाटा चार-सहाच्या घोळक्याने येतात आणि मग थोडी उसंत मिळते. ती उसंत किती वेळ टिकते ते घड्याळावर मोजा. लाटा कमरेच्या वर जात असतील तर कयाक गाडीवरून उतरवूच नका. पहिल्या काही वेळा रॉड, रीळ, बर्फाची पेटी काहीही न घेता, गुडघ्याएवढ्या लाटांत फक्त जाण्या-येण्याचा सराव करा. पुढे सामान नेऊ लागलात की रॉड आडवे करून आत बंद करा. उभा रॉड मोडतो आणि सुटा गळ अंगात घुसतो. खालचे बूच आणि झाकणे घट्ट आहेत ना, हे दोनदा तपासा. आत शंभर लिटर पाणी शिरले की कयाक शंभर किलोने जड होते आणि डोलू लागते.

लाइफ जॅकेट वाळूवरच घाला आणि पट्टे आवळा. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. अशा वेळी पाण्यात पडल्यावर जॅकेट शोधायला कुणालाच वेळ मिळत नाही. डोक्याला हेल्मेट हवे. वल्हे कयाकला बांधा, स्वतःला मात्र कधीही बांधू नका.

कयाकची नाळ, म्हणजे पुढचे टोक, सरळ लाटेकडे ठेवा, गुडघाभर पाण्यात जा आणि बाजूला उभे राहा. कयाक आणि किनारा यांच्या मध्ये कधीही उभे राहू नका, लाट ती तुमच्या अंगावर फेकेल आणि पाय मोडेल. उसंत मिळताच बसा आणि वल्हवा. लाट आली तर पुढे झुका, वल्हे पाण्यात ठेवा, हात थांबवू नका. बिचकून थांबलात की कयाक आडवी होते. आडवी झालीच तर अंग लाटेच्या बाजूला कलते ठेवा. उलटलात तर समुद्राच्या बाजूला राहा.

परतताना जास्त सावध राहा, कारण थकलेले असता आणि लाट पाठीमागून येते. फुटण्याच्या पट्ट्याबाहेर थांबा, सामान पुन्हा बंद करा, मोठा घोळका जाऊ द्या आणि शेवटच्या लाटेच्या पाठीमागून किनारा गाठा. मागून दुसरी आली तर उलटे वल्हवून तिला खालून जाऊ द्या. कयाक हातची सुटली आणि ओढ तुम्हाला बाहेर नेऊ लागली, तर तिच्याविरुद्ध पोहून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ सुटली की आत वळा.

तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक वाळूवर थांबणाऱ्याच्या फोनमध्ये असू द्या. उरणच्या बाजूला उतरलात तर जेएनपीएच्या जहाजांच्या मार्गापासून लांब राहा. मोठे जहाज तुम्हाला पाहूही शकत नाही आणि थांबूही शकत नाही.

जिताडा, रावस पुढच्या रविवारीही समुद्रातच असणार आहेत. लाटा पाहून मन कचरले, तर ते ऐका आणि कयाक तशीच घरी आणा. घरच्यांना तुम्ही हवे आहात, मासळी दिवाळे कोळीवाड्याच्या बाजारातही मिळते.