रीडिंग चुकलं तर सर काय म्हणतात?

माझ्याकडे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची बीएस्सी आहे. हे ऐकून सिव्हिलमधली माणसं जरा चमकतात. मग खुलासा करावा लागतो की त्या विद्यापीठात मी एकही तास बसलेलो नाही. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षं काढली की पदवी जेएनयूची मिळते. हबीबुल्ला हॉलमध्ये ती हातात पडली तेव्हा माझ्या डोक्यात फक्त पासिंग आउट परेड होती.

तर कोणत्या विद्यापीठात शिकायचं, हा प्रश्न सतराव्या वर्षी मला पडलाच नाही. एनडीएचं पत्र आलं, वडिलांनी पेढे वाटले, विषय संपला. त्यामुळे यंदा लेकीनं तो प्रश्न घरात आणला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. हुकूम मात्र भरपूर होते.

मी सध्या सूरतगढला. कुटुंब दोन वर्षांपासून पुण्यात, आईकडे. लेकीच्या बारावीपर्यंत आठ शाळा झाल्या. तिला भौतिकशास्त्रात बीएस्सी करायचंय, हे तिनं दहावीतच सांगितलं होतं. तेव्हापासून प्रत्येक लग्नात आणि मुंजीत एकच प्रश्न, "बीएस्सी? का गं, इंजिनिअरिंगला नंबर नाही लागला?" जणू विज्ञान म्हणजे इंजिनिअरिंगची वेटिंग लिस्ट. हा प्रश्न विचारणाऱ्यांत आमचे निवृत्त फौजीही होते, म्हणून इथे लिहितोय.

तिच्यासमोर दोन वाटा होत्या. एक, पुण्यातल्या एखाद्या जुन्या महाविद्यालयात बीएस्सी, आजीच्या घरी राहून. दुसरी, आयसर. या संस्थांसाठी एकच प्रवेश परीक्षा आणि सात ठिकाणं: पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती, बेरहामपूर. पाच वर्षांत बीएस आणि एमएस एकदम. सुरुवातीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित सगळंच शिकायचं, मग आपला विषय, आणि शेवटचं वर्ष बहुतेक संशोधन प्रबंधात. पुण्याचं आयसर पाषाणला, आजीच्या घरापासून सायकलवर जाता येईल इतकं जवळ. तिच्या रँकला मिळालं ते बेरहामपूर, ओडिशाच्या गंजम जिल्ह्यात. सातांत सगळ्यांत धाकटं, २०१६ साली आयटीआयच्या इमारतीत सुरू झालेलं, आता लाउडिगावच्या स्वतःच्या आवारात.

आई म्हणाली, "इतक्या लांब? अगं, इथे काय कमी आहे?" बायको गप्प होती, म्हणजे आईशी सहमत होती. मी मात्र खूश झालो. बेरहामपूरपासून थोड्याच अंतरावर गोपाळपूरला आमचं आर्मी एअर डिफेन्स कॉलेज आहे, तिथे मी कोर्स केलेत. "माझी ओळखीची जागा आहे," मी म्हणालो. लेक म्हणाली, "बाबा, शिकायला मी जाणारे. तुझी ओळख काय कामाची?"

बरोबर होतं. मी पोस्टिंग निवडावं तशी जागा निवडत होतो: स्टेशन कसं, घर कसं, स्टेशनवर कोण ओळखीचं.

त्याच सुमारास आमच्या रेजिमेंटमधल्या साताऱ्याकडच्या हवालदारानं विचारलं, "साहेब, पोरीला कुठं घालू? बीएस्सीच म्हणतीय." मी सुट्टीवर निघालो होतो, तोही. ठरलं, दोघी मुलींना घेऊन तीन महाविद्यालयं पाहायची.

निघण्याआधी एक आठवण सांगतो, तिचा इथे संबंध आहे. एनडीएच्या प्रयोगशाळेत मी साध्या दोलकाच्या प्रयोगात उत्तर आधी लिहिलं होतं. गुरुत्वत्वरण ९.८ यायला हवं, म्हणून मागून हिशेब करत वीस आवर्तनांची वेळ काढली आणि जर्नलमध्ये उतरवली. दोरा हलवलाही नाही. याला आम्ही रीडिंग कुक करणं म्हणायचो. शिकवणाऱ्यांचा दोष नव्हता. पहाटेच्या पीटीनंतर मला झोप हवी होती, विज्ञान नको होतं. पुढे लेफ्टनंट असताना एका सकाळी रडार आणि तोफा एकाच दिशेला बघताहेत की नाही, याच्या तपासणीचे आकडे मी तसेच, आदल्या दिवशीच्या पानावरून लिहिले. उस्तादांनी वही पाहिली आणि हळूच म्हणाले, "साहब, यह तो कल का है." एवढंच. त्या दिवशी फायरिंग असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मी अजूनही करतो.

ही गोष्ट लेकीला माहीत आहे. त्यामुळे प्रश्न तिनंच काढला. मी रँकिंगचे तक्ते घेऊन बसलो होतो. ती म्हणाली, आपण दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारू, तुमचं शेवटचं चुकलेलं रीडिंग कोणतं, आणि सर काय म्हणाले?

पहिलं महाविद्यालय खूप नावाजलेलं. दगडी इमारत, प्रवेशासाठी रांग. तिथला मुलगा हसला. "चुकत नाही. सिनियरचं जर्नल असतं ना." दुसऱ्या ठिकाणी मुलीला प्रश्नच कळेना, कारण प्रॅक्टिकलला सहा जणांत एक उपकरण आणि ते हुशार मुलगा हाताळतो. तिसरं साताऱ्याकडचं, तालुक्याच्या गावातलं. प्रयोगशाळेचं छप्पर पत्र्याचं, स्पेक्ट्रोमीटर माझ्या वयाचा. तिथली मुलगी म्हणाली, "परवा माझा प्रिझमचा कोन एकसष्ट अंश आला. सर म्हणाले, साठ लिहू नकोस. एकसष्टच लिही आणि का आला ते उद्या सांग." मग ती टेबल समतल नसण्याबद्दल बराच वेळ बोलत राहिली. हवालदाराची मुलगी तिथेच थांबली. तिनं फॉर्म त्याच दिवशी भरला.

मला वाटतं, विज्ञानाच्या पदवीसाठी जागा निवडताना पाहायची गोष्ट ती हीच. नाव नंतरही मिळवता येतं. बीएस्सीनंतर जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जाता येतं, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत इंटिग्रेटेड पीएचडीला जाता येतं, आणि तालुक्याच्या गावातून आलेल्यांना तिथे कुणी अडवत नाही. व्यंकी रामकृष्णन यांची बीएस्सी बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाची, १९७१ ची, भौतिकशास्त्राची. नोबेल २००९ चं, रसायनशास्त्राचं, आणि ते रायबोसोमवरच्या कामासाठी, म्हणजे पेशीच्या आतल्या गोष्टीसाठी. पण पहिल्या तीन वर्षांत रीडिंग कुक करायची सवय लागली, तर ती कुठल्याही मोठ्या नावानं सुटत नाही. मी स्वतः त्याचा पुरावा आहे.

फौजी बापांना पैशाबद्दलही सांगतो. माजी सैनिकांच्या मुलांसाठीची पंतप्रधान शिष्यवृत्ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, साध्या बीएस्सीसाठी तिच्यावर विसंबू नका. मूलभूत विज्ञानाला केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत, आणि बारावीला आपल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात असलेल्यांना ती मागता येते. बोर्डाचा कट ऑफ बघा. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो आपल्या मुलांच्या आवाक्यात असतो. हवालदाराला हे माहीत नव्हतं. खरं तर मलाही नव्हतं.

राहिलं बेरहामपूर. तिथे जाऊन बघायला सुट्टी उरली नव्हती. लेकीनं तिसऱ्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या ओळखीनं तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला फोन लावला. फौजी मुलांच्या ओळखी देशभर असतात, आठ शाळांचा हा एक फायदा. प्रश्न तोच. तो मुलगा चाळीस मिनिटं बोलला. एक सर्किट तीन आठवडे चालत नव्हतं, शेवटी चूक वायरमध्ये नाही तर त्याच्या गृहीतकात निघाली. मला बाहेरून फक्त तिचं "मग? मग?" ऐकू येत होतं.

मी अजूनही म्हणतो की पुण्यात थोडं शोधलं असतं तर साताऱ्याच्या सरांसारखे सर मिळाले असते, आणि आईला सोबत झाली असती. ते मी तिला बोललोही. ती म्हणाली, "शोध ना, धाकट्यासाठी."

सीट घेतली, पैसे भरले. पुण्याहून कोणार्क एक्सप्रेस थेट ब्रह्मपूरला जाते, स्टेशनचं नाव तेच. तिकीट वेटिंगवर आहे. आई लाडू करायला बसली आहे आणि ओडिशात पोळी मिळते का, हे रोज एकदा फोनवर विचारते. गोपाळपूरच्या मेसमध्ये मिळायची, एवढंच मी सांगू शकतो.