पाटाचे पाणी आणि संगणकाची बेरीज

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक भयाचा, दुसरा भाबड्या कौतुकाचा. या यंत्रांच्या पोटात नेमके काय चालते, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा. गणिताशी त्याचे सख्य बेताचेच. तरीही एवढे उमगले की, तिथे मुख्यतः गुणाकार आणि बेरजाच चालतात. अंकांची प्रचंड कोष्टके, ज्यांना मॅट्रिक्स म्हणतात, ती एकमेकांशी गुणायची. त्यात वीज केवळ आकडेमोडीवर खर्ची पडत नाही. साठवणीच्या जागेतून आकडा गणनेच्या जागी वाहून आणण्यातच बहुधा अधिक वीज जाते.

यावरचा एक उपाय शेतावरच्या माणसाला चटकन कळेल. चार नळ एकाच पाटात सोडले आहेत. दाब जितका आणि तोटी जितकी मोकळी, तितके पाणी येणार. हा झाला गुणाकार. चारही धारा पाटात एकत्र आल्या. ही झाली बेरीज. हिशोब कोणी मांडलाच नाही! पाण्याच्या जागी वीजप्रवाह, दाबाच्या जागी व्होल्टेज आणि तोटीच्या जागी वाहकता बदलता येणारा सूक्ष्म घटक कल्पावा. ओहम आणि किरचॉफ यांचे शाळेत घोकलेले नियम इथे कामाला येतात. आकडा जिथे साठवला तिथेच गुणला जातो. ही अ‍ॅनालॉग पद्धती.

तिच्यात खोट आहे. उष्णतेने, काळाने घटकांची वाहकता सरकते आणि उत्तर अदमासाचे येते. म्हणून डिजिटलची जोड हवी. आयबीएमच्या झुरिक येथील संशोधकांनी २०१८ मध्ये हे करून दाखविले. अ‍ॅनालॉग भागाने ठोकळ उत्तर काढायचे, डिजिटल भागाने राहिलेली चूक मोजून पुन्हा त्याच्याकडे धाडायची. मुरलेला व्यापारी तोंडी अंदाज सांगतो आणि मुनीम तो वहीत पडताळतो, तसेच हे. मात्र प्रवाहाचे अंकांत आणि अंकांचे प्रवाहात रूपांतर करतानाही वीज लागते. वाचवलेले कित्येकदा तिथेच गमावले जाते. घटक जितका अचूक, तितके मुनिमाचे काम हलके.

इथेच बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे नाव येते. श्रीतोष गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन सप्टेंबर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या रेणूंच्या पातळ थरात वाहकतेच्या १६,५०० अवस्था साधता येतात. डिजिटल स्विचला दोनच ठाऊक असतात. जेम्स वेब दुर्बिणीच्या माहितीवरून एक विख्यात अवकाशचित्र त्यांनी टेबलावरच्या साध्या संगणकाच्या साह्याने पुन्हा घडविले.

अशी बातमी आली की आपण दोन दिवस छाती फुगवितो आणि तिसऱ्या दिवशी विसरतो. ही सवय मला त्या भाबड्या कौतुकाहूनही घातक वाटते. प्रयोगशाळेतील ६४ बाय ६४ घटकांची जाळी म्हणजे बाजारातली चिप नव्हे. मधला रस्ता लांब, खर्चिक आणि अपयशाचा आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने 'इंडिया एआय' मोहिमेस १० हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. त्यातला मोठा वाटा गणनक्षमतेसाठी, म्हणजे मुख्यतः परदेशी कंपन्यांच्या जीपीयूंसाठी आहे. आजची निकड पाहता ती खरेदी चुकीची म्हणता येणार नाही. परंतु त्या क्षेत्रात आपण कायमचे गिऱ्हाईक आहोत. अ‍ॅनालॉग-डिजिटलच्या या वाटेवर अद्याप कोणीच मालक झालेला नाही. मोहिमेच्या पुढच्या टप्प्यात एक ठरावीक हिस्सा, निदान दहा वर्षांच्या हमीसह, या कामासाठी बाजूला काढावा. दोन-तीन प्रयत्न फसले तरी तो परत घेऊ नये.